शेजाऱ्यापुढची साक्ष : 'यमुनापर्यटन' ते 'स्मृतिचित्रे'

मराठी ख्रिस्ती साहित्याचे वाचन आपल्याकडे बहुधा दोन ठिकाणी बसून झाले आहे. एक ठिकाण वाङ्मयेतिहासकाराचे. तेथून 'क्रिस्तपुराणा'ची भाषा दिसते, 'यमुनापर्यटना'चा पहिलेपणा दिसतो, ना. वा. टिळकांची निसर्गकविता दिसते, आणि लक्ष्मीबाईंचा प्रसन्न विनोद दिसतो. श्रद्धेचा भाग मात्र 'प्रचारकी' या एका शब्दात आटोपतो. दुसरे ठिकाण मंडळीचे. तेथे हीच पुस्तके विश्वासाची साक्ष म्हणून वाचली जातात आणि त्यांच्या वाङ्मयीन गुणांची दखल घेण्याची फारशी गरज भासत नाही. हे दोन वाचक क्वचितच एकमेकांशी बोलतात. प्रस्तुत लेखात या दोघांनाही टाळता न येणारा एक प्रश्न घ्यावयाचा आहे. मंडळीच्या सामान्य सभासदाने आपली श्रद्धा शेजाऱ्याला सांगावी, असा आग्रह ख्रिस्ती परंपरेत आरंभापासून आहे. ती सांगावयाची कशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने, याचा विचार मराठी लेखकांनी आपल्या कृतींमधून कसा केला, हे पाहणे हा येथील मर्यादित हेतू आहे. धर्मशास्त्राचा निवाडा करणे हा त्यात अभिप्रेत नाही. तो प्रस्तुत लेखकाचा अधिकारही नव्हे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'साक्ष' हा या व्यवहारातला मुख्य शब्द. मराठीत तो कचेरीतूनही येतो आणि वेदान्तातूनही. वेदान्तातला साक्षी अलिप्त असतो. त्याने पाहावे, गुंतू नये. कचेरीतला साक्षीदार पाहिलेले सांगतो, पण त्याची उलटतपासणी होते. ख्रिस्ती साक्षीदार या दोहोंहून निराळा आहे, कारण तो स्वतःच पक्षकार आहे. जे सांगतो त्यात त्याचे आयुष्य अडकलेले आहे. तरीही मराठीने या शब्दाला जोडलेले एक क्रियापद येथे फार महत्त्वाचे ठरते. आपण साक्ष 'देतो', पण ती समोरच्याला 'पटावी' लागते. साक्ष देणे सांगणाऱ्याच्या हाती असते, पटणे ऐकणाऱ्याच्या. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने चर्चसाठी वापरलेला 'मंडळी' हा शब्दही असाच बोलका आहे. घरात, वाड्यात, दुकानात, एसटीत जमलेले चारजण म्हणजे मंडळी. एका धर्मसंस्थेने स्वतःसाठी इतका घरगुती शब्द पत्करावा, ही भाषेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. राहिला 'शेजार'. 'शेजारधर्म' हा शब्द आपल्याकडे जुना आहे आणि त्यातील 'धर्म'चा अर्थ संप्रदाय असा नाही, वागणूक असा आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण. उत्तरादाखल आलेल्या कथेत जखमी वाटसरूची शुश्रूषा करणारा शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी व्यवहार ठेवीत नसत असा माणूस, शेजारी ठरतो. प्रश्न 'कोण' असा होता, उत्तर 'कोण झाला' असे आले. पण महाराष्ट्रातील गावात हा प्रश्न आणखी अवघड आहे. येथे शेजार गावकुसाने कापलेला होता. एकाच गावात राहणारी माणसे एकमेकांची शेजारी नव्हती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी लिहिला गेला. जुनी पुराणे त्यांच्यापासून तुटली होती आणि त्या जागी काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी ओवी घेतली, पुराणाची बैठक घेतली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. काव्यगुणांबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला येथे त्यातील संवादरचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. पाद्री कथा सांगतो आणि श्रोत्यांतून प्रश्न येतात; निरूपण त्या प्रश्नांना धरून पुढे सरकते. शेजाऱ्याचा आवाज ग्रंथात घेण्याची ही मराठीतील आरंभीची ख्रिस्ती धडपड आहे. परंतु ज्या काळात हे प्रश्न विचारले जात होते त्या काळात गोव्यात धर्मन्यायालय होते (१५६० साली स्थापन झालेले, अंतिमतः १८१२ साली बंद झालेले), साष्टीतील देवळे पाडली गेली होती, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले होते. प्रश्न विचारणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक नसेल, तर तो प्रश्न कितीही सुंदर ओवीत बांधला तरी संवाद म्हणता येईल काय? ग्रंथाची भाषा शेजाऱ्याची आहे, परिस्थिती शेजाऱ्याची नाही. 'क्रिस्तपुराणा'च्या गौरवात ही ओढाताण बहुधा झाकली जाते.

इंग्रजी अमदानीत मुंबई-अहमदनगरकडे चित्र पालटले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले होते; अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघू लागले. येथे नकार देण्याची मोकळीक होती आणि ती पुरेपूर वापरली गेली. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वादविवाद प्रसिद्ध आहेत. जॉर्ज बोएन यांनी ते त्याच वर्षी छापले. हा प्रसंग आपल्या बौद्धिक इतिहासात मोलाचा खरा. पण तो आखाडा होता. आखाड्यात जिंकणारा व हरणारा असतो, आणि दोघेही समोरच्याशी न बोलता जमलेल्या गर्दीशी बोलतात. शेजाऱ्याशी असे बोलता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर भेटायचे असते.

त्याच १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन एक वर्ष लोटले होते. पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यापूर्वी ते परमहंस मंडळीच्या सहवासातही वावरले होते. परमहंस मंडळीची गोष्ट येथे प्रसंगोपात्त आठवते. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणारे हे लोक ती गुप्तपणे करीत, आणि गुप्तता उघडी पडल्यावर मंडळी विखुरली. खासगीत केलेल्या प्रतिज्ञेला शेजाऱ्यासमोर उभे राहता आले नाही. पदमनजींच्या कादंबरीतील यमुना आरंभी याच अवस्थेत आहे. तिची श्रद्धा मनात आहे, घरात ती उघड नाही. पती विनायकासह ती प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या कहाण्या तिच्या कानी येतात.

या कादंबरीवर उपदेशाचा आरोप नेहमी केला जातो आणि तो खोटा नाही. मात्र तो नीट तपासलेला नाही असे वाटते. 'यमुनापर्यटन' सर्वत्र सारखे उपदेशपर नाही. जेथे यमुना ऐकते तेथे गद्य जिवंत होते: केशवपनाचे भय, सासरची कुचंबणा, उपासतापास, बायकांच्या बोलण्यातील लपवाछपवी. जेथे ती उत्तर देऊ लागते तेथे तीच यमुना एकाएकी ट्रॅक्टच्या भाषेत बोलू लागते. म्हणजे दोष श्रद्धा सांगण्यात नाही. दोष असा की समोरच्या बाईचे दुःख विशिष्ट आहे आणि यमुनेचे उत्तर सर्वसाधारण आहे. कोणत्याही विधवेला, कोणत्याही गावी, तेच देता येईल. शेजारीण ही शेजारीण न राहता एक उदाहरण बनते. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवर स्वतःच वैधव्य येते, तेव्हा पदमनजींच्या हाती एक मोठी संधी होती. सांत्वन करणारीलाच आता सांत्वन हवे आहे. या ठिकाणी कादंबरी काही पाने थबकली असती तर ती केवळ पहिली न राहता मोठीही ठरली असती. पण लेखकाला पुढे पुनर्विवाहापर्यंत पोहोचायचे आहे. १८८८ च्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात हेच पदमनजी स्वतःच्या शंका, लांबणी, घरच्यांचा विचार हे सारे सावकाश सांगतात, आणि ते वाचताना वाटते की स्वतःविषयी बोलताना त्यांना सापडलेला संयम यमुनेच्या तोंडी सापडला नव्हता.

नारायण वामन टिळकांपाशी (१८६१–१९१९) आल्यावर प्रश्नाला वेगळेच वळण लागते. त्यांच्या धर्मांतराची हकीकत एका रेल्वेप्रवासापासून सुरू होते. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला, काव्यावर बोलणे निघाले, आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक हलले आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चरित्रकथनात तो प्रवासी 'एक युरोपीय सहप्रवासी' एवढाच उरतो. साक्षीच्या चर्चेत हा प्रसंग अनेकदा आदर्श म्हणून सांगितला जातो: पाहा, एका भेटीत काय झाले! मला त्याचा अर्थ उलट दिसतो. प्रवासी उतरून गेला. त्यानंतरचे सगळे, म्हणजे आप्तांचा आक्रोश, पत्नीचा वियोग, नोकरीची अनिश्चितता, पुण्या-नाशिकाकडील जुन्या ओळखींचे तुटणे, हे टिळकांना एकट्याने भोगावे लागले. सहप्रवाशाला जे बोलून मोकळे होता येते ते शेजाऱ्याला बोलून मोकळे होता येत नाही. शेजाऱ्याला परिणामांसकट राहावे लागते. टिळकांनी पुढे आयुष्यभर जो विचार केला तो या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा होता.

त्यांच्या लक्षात आलेली पहिली अडचण भाषेची. मंडळीत परक्या चालीवरची भाषांतरित गीते गाणारा माणूस बाहेर शेजाऱ्याशी काय बोलणार? टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही सारी साधने पुन्हा हाती घेतली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत'मध्ये त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि आजही गायिली जातात. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, या आशयाचे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती अभ्यासक ते कौतुकाने सांगतात, आणि मराठीचे प्राध्यापकही समन्वयाचे उदाहरण म्हणून ते वर्गात वापरतात. पण ज्याला हे सांगावयाचे तो शेजारी वारकरी असेल तर? त्याच्या दृष्टीने तुकोबा सेतू नाहीत. तेथेच तर त्याला पोहोचायचे आहे. कोणाचे मुक्कामाचे गाव आपण वाटेवरचे स्टेशन म्हणून सांगितले तर त्याला आनंद होईलच असे नाही. टिळकांच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की हे विधान सिद्धान्त म्हणून केलेले नसून आत्मकथन म्हणून केलेले आहे: मी असा आलो. सिद्धान्त म्हणून ते शेजाऱ्याला दुखवील. साक्ष म्हणून तो ते ऐकून घेईल आणि कदाचित आपलीही सांगेल. पुढील काळात त्या विधानाचा वापर पहिल्या पद्धतीने अधिक झाला, याचा दोष टिळकांना देता येत नाही.

दुसरी अडचण पगाराची होती, आणि हिच्याविषयी आपल्या समीक्षेत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या व्यवस्थेत उपदेशक, शिक्षक, बायबलबाई या वेतनावरच्या जागा होत्या. शुभवर्तमान सांगणे हे एका परीने नोकरीचे काम झाले होते. याचे दोन परिणाम संभवतात. सामान्य सभासदाला वाटते की हे काम त्या माणसाचे, त्याला त्यासाठी पैसे मिळतात. आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा बोलतो ते पगारासाठी. दोन्हीकडून साक्षीची किंमत घटते. टिळक स्वतः अनेक वर्षे मिशनच्या सेवेत होते, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. या कृतीकडे राष्ट्रवादाच्या दृष्टीने पाहण्याची रीत आहे. परक्या मिशनविरुद्ध स्वदेशी ख्रिस्ती बंधुता, असे तिचे वर्णन होते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. साक्ष पटायची असेल तर साक्षीदाराचा हितसंबंध उरता कामा नये, हा साधा कचेरीतला नियम टिळकांनी स्वतःला लावला. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार टिकला नाही. मंडळ्यांना बाप्तिस्म्याची रेषा पुसट होणे मानवले नसते, असे दिसते. त्यांच्या बाजूनेही काही म्हणता येईल: ज्यांनी ती रेषा ओलांडताना घरदार गमावले त्यांना ती पुसट केलेली कशी रुचावी? टिळकांचा प्रयोग उदार होता, आणि त्या उदारतेची किंमत काही प्रमाणात दुसऱ्यांनी आधीच मोजलेली होती.

आता 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. मराठी गद्यातील पहिल्या प्रतीच्या चार-पाच ग्रंथांत त्याची गणना व्हावी, याविषयी आता दुमत नसावे. समीक्षेने त्यातील विनोद, प्रांजळपणा, बोलीचा ओघ, नवऱ्याच्या लहरींचे मिस्कील चित्रण यांची भरपूर दाद दिली. धर्मांतर ही त्यातील एक घटना म्हणून येते. माझ्या मते, या ग्रंथाची निवेदनपद्धती हीच शेजाऱ्याला श्रद्धा कशी सांगावी याचे मराठीतील सर्वांत पूर्ण उत्तर आहे, आणि तसा दावा लेखिकेने कुठेही केलेला नाही, हेही त्याचेच एक अंग आहे.

पुस्तक सुरू होते ते वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. बाजारातून आलेली वस्तू पाण्याने धुऊन घेण्यापर्यंत गेलेले ते वेड लक्ष्मीबाई अशा काही तऱ्हेने सांगतात की वाचक हसतो, पण त्या माणसाचा तिरस्कार करीत नाही. धर्मांतरित लेखकाला येथे मोठा मोह असतो. मागे टाकलेला धर्म काळा रंगवला की नवा आपोआप उजळ दिसतो. पदमनजींच्या पिढीला हा मोह आवरला नाही. लक्ष्मीबाईंनी तो सहज ओलांडला आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर ज्या नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, रडले, टिळकांना बोल लावले, त्या सर्वांची बाजू त्या त्यांच्या शब्दांत येऊ देतात. ज्यांना सोडून आपण आलो ते वाईट होते असे म्हटल्याशिवाय आपण आलो ते बरे झाले असे सांगता येते, ही गोष्ट या पुस्तकाने मराठीत सिद्ध केली. ब्राह्मण घरातला वाचक हे पुस्तक वाचताना आपल्यावर हल्ला झाल्याच्या पवित्र्यात जात नाही. तो हसत हसत शेवटापर्यंत येतो.

आणखी एक गोष्ट वेळेची. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत आधी वियोग आहे, मग सहवास आहे, पण एकत्र स्वयंपाक नाही. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याची वेगळी व्यवस्था टिळकांनी चालू दिली. नवरा-बायकोइतका निकटचा शेजार दुसरा नसेल. तेथेही टिळकांना थांबावे लागले. आणि लक्ष्मीबाई बदलल्या त्या कोणत्याही प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नाचा त्यांनी आपल्याशीच एकदा सोक्षमोक्ष लावला, आणि मग कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. हा प्रसंग वाचताना जाणवते की निर्णयाच्या क्षणी त्या जवळजवळ एकट्या आहेत. सभोवती सांगणारे पुष्कळ होते. त्यांच्या सांगण्याचा उपयोग झाला तो एवढाच की त्यांनी त्यांना एकटे सोडले. श्रद्धेचा प्रश्न त्यांनी प्रथम पाण्याच्या आणि अन्नाच्या ठिकाणी सोडवला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठी समाजात शेजार हा पाण्यावरच मोडतो.

बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांच्याविषयीची पाने या संदर्भात फिरून वाचावीत. हा तरुण कवी टिळकांच्या घरी अहमदनगरला राहिला, त्या घरचाच एक झाला. लक्ष्मीबाईंनी त्याच्या हट्टांचे, भित्रेपणाचे, लाडाचे जे वर्णन केले आहे ते आईचे आहे. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. यशापयशाच्या हिशेबवहीत हे प्रकरण कोठे मांडावे? टिळक हे धर्माच्या बाबतीत मुखदुर्बळ नव्हते. घरात भजन-प्रार्थना चालतच असणार. तरी त्या मुलाला आपले होण्याची अट घातली गेली नाही. ज्या काळात मिशनचे वार्षिक अहवाल बाप्तिस्म्यांच्या आकड्यांनी भरत त्या काळात एका घराने हे साधले. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात या गोष्टीचा अभिमानही नाही, खंतही नाही. ठोमरे होते, त्यांच्यावर जीव होता, एवढेच.

येथे एका सोयीस्कर निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. आजच्या सुशिक्षित वाचकाला 'बोलू नका, फक्त सेवा करा' हे तत्त्व फार आवडते, आणि 'स्मृतिचित्रे' त्याचा पुरावा म्हणून पुढे करता येईल. पण ते पुस्तकाशी प्रामाणिक राहणे होणार नाही. लक्ष्मीबाई बोलत होत्या. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली; टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी बहुतांशी पूर्ण केले. साक्ष मुकी नव्हती. फरक एवढाच की ती ज्यांच्यापुढे दिली जाई त्यांना बाईंचे घर, प्लेगच्या दिवसांतील त्यांची धावपळ, पोरकी मुले सांभाळताना झालेली तारांबळ हे सगळे आधीच माहीत होते. ऐकणाऱ्याच्या हाती उलटतपासणीची साधने होती. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहावे आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे असे सांगितले आहे. 'कोणी विचारले तर' हा भाग उपदेशाच्या उत्साहात बहुधा गळतो. विचारण्याजोगे काही आधी शेजाऱ्याच्या नजरेस पडलेले असावे लागते.

मात्र या साहित्याची एक मर्यादा उघड बोलली पाहिजे. वर ज्यांची नावे आली ते बहुतेक उच्चवर्णीय वा सुस्थित घरांतून आलेले. टिळक दांपत्य चित्पावन ब्राह्मण. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांचे सभासद मात्र प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतले होते. त्यांच्यात श्रद्धा पसरली ती रेल्वेच्या डब्यात नव्हे आणि समुद्रकिनाऱ्यावरही नव्हे. ती सोयरिकीच्या वाटेने, एका वस्तीतून दुसरीत, भावकीतून भावकीत गेली. शेजाऱ्याला श्रद्धा सांगण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे काम या माणसांनी केले, आणि त्यांपैकी कोणाचे 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती नाही. मिशनच्या अहवालांत ते आकडे म्हणून येतात, ब्राह्मण धर्मांतरितांच्या पुस्तकांत पार्श्वभूमी म्हणून. गावकुसाबाहेरच्या माणसाने आत राहणाऱ्याला आपली श्रद्धा सांगणे शक्य होते काय? 'हा माणूस बोलेल आणि मी ऐकेन' ही पहिली अटच तेथे पुरी होत नव्हती. साक्ष द्यायला उभे राहण्यासाठी समाजाने आधी साक्षीदार म्हणून मान्य करावे लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. तेव्हा या समाजातील सभासदाने शेजाऱ्याला आपली श्रद्धा उघडपणे सांगणे याला कागदोपत्री किंमत मोजावी लागते. व्यासपीठावरून 'निर्भयपणे सांगा' म्हणणाऱ्याने ही किंमत कोण भरतो ते पाहिले पाहिजे.

कायद्याची चौकट तशी स्पष्ट आहे. घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी 'प्रसार' या शब्दावर जोरदार चर्चा झाली आणि तो शब्द पंचविसाव्या अनुच्छेदात राहिला. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे या हक्कात येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. या निर्णयावर टीका झाली आहे व होत राहील. साहित्याच्या वाचकाला मात्र त्यातील भेद ओळखीचा वाटतो: साक्ष देणे माझे, पटणे त्याचे. फरक असा की 'स्मृतिचित्रे'त तो भेद विश्वासातून येतो, न्यायालयात संशयातून.

हा संशय साहित्यव्यवहारापर्यंत पोहोचतो हे आपण पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूने हे पद घेण्याला काहींनी धर्मप्रचाराच्या शंकेने विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे संमेलन पार पडले. दिब्रिटो यांनी 'सुवार्ता'चे संपादन केले, 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि वसईच्या शेती-पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत ते अग्रभागी होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईतल्या हिंदू शेजाऱ्याला ते विहिरीच्या पाण्याच्या प्रश्नावरून ठाऊक होते. दूरवरच्या विरोधकाला केवळ पेहरावावरून. शंका बहुतेक वेळा दुरून येते.

दुसरीकडे मंडळ्यांमधूनही सामान्य सभासदाने शेजाऱ्याला सांगावे म्हणून उत्तेजन देण्याचे प्रयत्न चालूच असतात, आणि ते असणारच. पोप सहावे पॉल यांच्या १९७५ च्या पत्रकात आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो असा विचार आला होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण प्रेषितकार्यातला सहभागी आहे, हे फिरून मांडले. प्रॉटेस्टंट बाजूस अमेरिकेतून आलेल्या तयार पद्धती अधिक रुळल्या. बिल ब्राइट यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या विद्यापीठीय चळवळीतून निघालेली चार नियमांची पुस्तिका जगभर अनेक भाषांत गेली. क्रमाने चार वाक्ये सांगावी, शेवटी प्रार्थना करावी. लाजऱ्या सभासदाला तिचा आधार वाटतो हे मान्य केले पाहिजे. बोलायला तोंड कसे उघडावे हा प्रश्न खरा असतो. परंतु शेजारच्या काकूंना आपण जे पहिले वाक्य सांगणार ते दुसऱ्या खंडात, त्यांना कधीही न पाहिलेल्या माणसाने लिहिलेले असेल, तर काकूंच्या ते ध्यानात यायला वेळ लागत नाही. मराठी माणूस पाठ केलेले बोलणे लगेच ओळखतो; विक्रेत्यांनी त्याला ती सवय लावली आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे जे स्वतंत्र भाषांतर केले त्यामागे हाच विचार होता की अल्पशिक्षित बाईला ते स्वतः वाचता यावे आणि दुसरीला सांगता यावे. संस्कृतप्रचुर भाषा जाणणाऱ्या विदुषीने साधी भाषा मुद्दाम धरली. साक्ष देण्याचे शिक्षण म्हणतात ते असे भाषेपासून सुरू होते. टिळकांनी अभंग घेतला, रमाबाईंनी साधे गद्य, लक्ष्मीबाईंना काही घ्यावेच लागले नाही. माजघरातली बोली त्यांच्यापाशी होती. अहमदनगरच्या वस्त्यांतील मंडळ्यांमध्ये आजही जी साक्ष दर रविवारी उभे राहून दिली जाते (दारू सुटली, पोर दुखण्यातून उठले, भावाशी अबोला मिटला) तिची बोली अजून कोणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासलेली माझ्या पाहण्यात नाही. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांना हे काम करता येण्यासारखे आहे; अशा मंडळ्यांतील मुलेमुली आपल्या वर्गांत बसतात, आणि त्यांच्या आज्या अजून बोलत आहेत.